कलापूरचे देणे : कोल्हापूर आणि तेथील चित्रपटकंपन्या



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला इतिहास शिकवीत. कोणत्याही मोठ्या घटनेचे वर्णन आटोपले की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे : "याचा खर्च कोणी सोसला?" आज तोच प्रश्न मी आपल्या शेजारच्या कोल्हापूरला विचारणार आहे. एखाद्या गावी चित्रपट उभा राहतो तेव्हा गावाला काय मिळते, याचा हिशेब सारेच मांडतात. हाताला काम मिळते, बाजार वाढतो, नाव होते. गावाने काय दिले, हे मात्र सहसा कोणी लिहून ठेवीत नाही.

कोल्हापुरात चित्रपट बाहेरून आला नाही. मंदिरांचे आणि वाड्यांचे कोरीव काम करणारे मिस्त्री, नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणारे चित्रकार, तालमींतील पैलवान आणि दरबारचा आश्रय ही सामग्री तेथे आधीच होती. बाबूराव पेंटर आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव हे पडदे रंगविण्यात नावाजलेले होते. चित्रपट काढण्याचे स्वप्न दोघांचे. परंतु १९१६ मध्ये आनंदराव वारले. पुढे बाबूरावांनी दादासाहेब मिस्त्री यांच्या साह्याने कॅमेरा स्वतः तयार केला. १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन झाली. तिला भांडवल दिले ते तानीबाई कागलकर या गायिकेने. मराठी चित्रपटाच्या इतिहासात हे नाव बहुधा एका ओळीत उरकले जाते, याचे मला नेहमीच वैषम्य वाटत आले आहे. सावकार आणि सरदार यांची वाण नसलेल्या नगरीत एका कलावंतिणीने आपली गाठ सोडली, आणि तीही कोणालाच ठाऊक नसलेल्या धंद्यासाठी !

त्या कंपनीचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० च्या प्रारंभी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटे की प्रेक्षकांत खळबळ उडे. लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली, असे सांगितले जाते. या कीर्तीचे धनी पुष्कळ झाले. पण त्या चित्रपटात काम करणाऱ्या गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांचा वाटा निराळा होता. दादासाहेब फाळक्यांना १९१३ मध्ये तारामतीच्या भूमिकेसाठी पुरुष उभा करावा लागला होता. बाबूरावांनी स्त्रियांना पडद्यावर आणले. त्या दोघी पडद्यावर कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या, आणि त्यांच्या स्वतःच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले. त्यांना स्टुडिओच्या आवारातच राहावे लागले. ज्या गावाने त्यांचा चित्रपट डोक्यावर घेतला, त्याच गावात त्यांना घराचा उंबरठा उरला नाही. गुरुवर्यांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मला येथे सापडते.

पुढचा इतिहास आपणां सर्वांना परिचित आहे. दामले, फत्तेलाल, शांताराम हे बाबूरावांच्या हाताखाली तयार झाले. धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांना घेऊन १ जून १९२९ रोजी त्यांनी कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. मूकपट झाले, १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' बोलू लागला, आणि १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. मुंबईचा बाजार, रेल्वेची सोय, विस्तीर्ण जागा ही कारणे व्यवहाराची होती आणि मी त्यांना दोष देणार नाही. मात्र १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविल्या गेलेल्या 'संत तुकाराम'चे दोन्ही दिग्दर्शक, दामले आणि फत्तेलाल, कोल्हापूरच्या रंगशाळेत घडलेले होते. झाड पुण्यात फळले. रोप येथे वाढविले होते.

प्रभात गेल्यावर छत्रपती राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली. इमारत आणि यंत्रे आज्ञेने मिळतात. एकमेकांच्या हाताला सरावलेली माणसे तशी मिळत नाहीत. सिनेटोनमधील बाबूराव पेंढारकर आणि मास्टर विनायक यांनी १९३६ मध्ये पांडुरंग नाईकांसह 'हंस पिक्चर्स' काढली. तिच्या 'छाया' या पहिल्या चित्रपटाची कथा वि. स. खांडेकरांची होती. येथे मराठीचा अध्यापक म्हणून थोडे विषयांतर करतो. शिरोड्याच्या शाळेत जन्म घालविण्याच्या निश्चयाने बसलेला हा शिक्षक १९३८ मध्ये कोल्हापुरास राहावयास आला, तो चित्रपटलेखनाच्या निमित्ताने. हंस गेली, खांडेकर मात्र १९७६ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, कोल्हापूरकर राहिले. 'ययाति' तेथेच लिहिली गेली. चित्रपटकंपन्यांनी कोल्हापूरला दिलेले सर्वांत टिकाऊ देणे एक कादंबरीकार आहे, असे मी म्हटले तर चित्रपटाचे अभ्यासक रागावतील, रागावोत.

आता १९४८. गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. 'मीठभाकर' हा चित्रपटही त्यात गेला. आग लावणारे हात गावाचेच, आणि त्या स्टुडिओवर ज्यांची चूल पेटत होती ती माणसेही गावाचीच. सुतार, रंगारी, शिंपी, रंगभूषाकार, घोडी सांभाळणारे यांच्या नुकसानीची नोंद कोठे केलेली मी पाहिलेली नाही. भालजींनी कर्ज काढून स्टुडिओ पुन्हा उभारला, 'मीठभाकर' पुन्हा चित्रित केला. १९६५ मध्ये त्यांचा 'साधी माणसं' आला तेव्हा मी शाळकरी वयाचा होतो. त्यातले लोहाराचे जोडपे आम्हां बेळगावच्या मुलांना आमच्याच गल्लीतले वाटले. भात्यापुढची ती बैठक, घण उचलण्याची ती रीत खरी वाटावी, कारण खरे काम करणारी माणसे त्या स्टुडिओच्या दारापासून हाकेच्या अंतरावर होती.

पुढे जयप्रभाची मालकी लता मंगेशकर यांच्याकडे गेली. किशोरवयात मास्टर विनायकांच्या कंपनीत काम करण्यासाठी त्या याच कोल्हापुरात राहिल्या होत्या. २०२२ च्या फेब्रुवारीत त्या जागेच्या विक्रीची वार्ता पसरली आणि कोल्हापूरकर रस्त्यावर आले. चित्रपटाशी ज्यांचा पोटापाण्याचा संबंध होता असे कलावंत आणि तंत्रज्ञ तेथे उपोषणाला बसले. त्यांची मागणी साधी होती : येथे पुन्हा चित्रीकरण व्हावे.