हाजी अलीसमोरचा दवाखाना आणि चालवणारे यंत्र

गेल्या जुलैमध्ये शाळा सुटल्यावर एक आई माझ्या वर्गात आली. कडेवर सात वर्षांचा मुलगा होता. एवढ्या मोठ्या पोराला रोज कडेवर वाहणे म्हणजे काय, हे तिच्या वाकलेल्या खांद्यावरून कळत होते. तिने मोबाइल पुढे केला. व्हिडिओत एक मूल पट्ट्यांनी वर तोलून धरलेले होते, पायांना धातूचा सांगाडा बांधलेला होता, खाली पट्टा फिरत होता आणि पावलं एकामागून एक पडत होती. ती म्हणाली, “सर, मशीन बच्चे कू चलाती कते. सच हय क्या?”

मी उर्दू-मराठीचा मास्तर. वैद्यकातले मला काय कळणार? पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून वाचत गेलो. वाचता वाचता यंत्राच्या आधी एका आईची गोष्ट हाती लागली. ती आपल्याच समाजातली आहे आणि आपण तिला साफ विसरलो आहोत. म्हणून हा लेख.

आधी आजाराविषयी. सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूचा पक्षाघात. जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूला इजा होते आणि स्नायूंना जाणारे हुकूम बिघडतात. पोलिओपेक्षा हे वेगळे आहे. पोलिओत मज्जारज्जूतल्या पेशी मरतात आणि पाय लुळा पडतो. इथे बहुतेक मुलांचे स्नायू उलट ताठ होतात, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, टाच टेकत नाही. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही. पण उपचार झाले नाहीत तर वयाबरोबर स्नायू आखडतात, सांधे वाकडे होतात.

लंडनचे डॉ. विल्यम जॉन लिटल यांनी 1861 साली तिथल्या प्रसूतितज्ज्ञांपुढे या आजाराचे सविस्तर वर्णन केले. त्यांचे स्वतःचे पाऊलही लहानपणापासून वाकडे होते. अनेक वर्षे या आजाराला ‘लिटलचा आजार’ म्हणत. कठीण बाळंतपण हे त्यांनी मुख्य कारण मानले. पुढे 1897 मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी, हो, तेच मनोविश्लेषणवाले, वेगळे मत मांडले. बाळंतपणातली अडचण हीच कधी कधी गर्भातल्या जुन्या बिघाडाचा परिणाम असू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे आजही दोष सुनेच्या पदरात टाकला जातो. ग्रहणात बाहेर पडली, कुणाची नजर लागली, तिच्या माहेरचीच खोड. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा वाद अशा घरांपर्यंत अजून पोहोचलेला नाही.

आता ती आई. फातिमा इस्माईल, मुंबईच्या. गांधीजींचे सहकारी आणि गिरणीमालक उमर सोबानी यांच्या त्या भगिनी. त्यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला. त्या काळी असे मूल घराच्या मागच्या खोलीत वाढायचे. बाईंनी ते मानले नाही. मुलीला घेऊन त्या मद्रासला डॉ. किनींकडे गेल्या, तिथे महिनोन्‌महिने राहिल्या. पुढे पुण्यात युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर व्यायामोपचार होत, तिथवर त्या पोहोचल्या. मुलगी चालू लागली. बहुतेक आई-बाप इथे शुक्राची नमाज पढून थांबले असते. पण बाईंना प्रश्न पडला: ज्यांच्याकडे मद्रासचे भाडे नाही त्यांच्या मुलांचे काय?

1947 साली, देश फाळणीच्या आगीत होरपळत असताना, त्यांनी मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. डॉ. बालिगांनी दवाखान्यासाठी जागा दिली. पुढे याच संस्थेचे बालअस्थिरुग्णालय हाजी अलीला उभे राहिले. आज तिथे लहान मुलांचे मोठे रुग्णालय आहे. 1955 मध्ये त्याच परिसरात केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू झाली. 1958 मध्ये फातिमा इस्माईल यांना पद्मश्री मिळाली आणि 1978 मध्ये त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या.

आपल्यापैकी कितीतरी जण सोलापूरहून रात्रीची गाडी पकडून हाजी अलीला गेलो असू. समुद्रातल्या वाटेने दर्ग्यापर्यंत चालत गेलो, मन्नत मागितली, परत आलो. त्याच रस्त्यावर मुलांना चालायला शिकवणारा दवाखाना एका मुसलमान बाईच्या जिद्दीतून उभा राहिला, हे किती जणांना ठाऊक होते? मला तरी नव्हते.

मुंबईतच अशी दुसरी आई झाली, मिठू अलूर. त्यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी होती. तिला घेईल अशी शाळा मिळेना, म्हणून त्यांनी 1972 मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. मालिनी चिब यांनी व्हीलचेअरवर बसून लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि एका बोटाने टाईप करून आत्मचरित्र लिहिले. शिक्षक म्हणून ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मूल चालेल तेव्हाच शिकेल, अशी अट कुणीही घालू नये.

मग यंत्राचे काय? मेंदू आणि मज्जारज्जू सरावाने शिकतात. पाऊल टाकण्याची मूळ लय मज्जारज्जूतच असते, हे 1911 मध्ये ग्रॅहम ब्राऊन यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते. पुढे रुग्णाला पट्ट्यांनी तोलून फिरत्या पट्ट्यावर चालवण्याची पद्धत आली. पण त्यासाठी दोन-तीन थेरपिस्ट वाकून हातांनी पाय उचलत बसत आणि काही मिनिटांतच थकत. हे हातांचे काम मोटारीने करावे म्हणून झुरिकमध्ये ‘लोकोमॅट’ तयार झाले. नंतर त्याची लहान मुलांच्या मापाची आवृत्तीही आली. नितंब आणि गुडघ्यापाशी मोटारी, वर वजन तोलणारा पट्टा, समोर पडद्यावर खेळ. सोलापूरकराला हे समजावून सांगावे लागत नाही. हातमाग जाऊन यंत्रमाग आला, तसेच हे.

केरळच्या जेनरोबोटिक्स या कंपनीनेही ‘जी-गेटर’ नावाचे असे यंत्र बनवले आहे. माणसाला मॅनहोलमध्ये उतरावे लागू नये म्हणून ‘बँडिकूट’ रोबो बनवणारी हीच ती मंडळी. तिरुवनंतपुरमच्या सरकारी रुग्णालयात हे यंत्र बसले आहे. गरिबाच्या मुलालाही यंत्र मिळू शकते, सरकारने मनावर घेतले तर.

पण खरे तेच सांगायला हवे. यंत्राने काही मुलांचा चालण्याचा वेग आणि दम वाढतो. मात्र तितकाच वेळ नेहमीची फिजिओथेरपी दिली, तर यंत्र तिच्यापेक्षा सरस ठरते असे अजून सिद्ध झालेले नाही. यंत्र हे पूरक आहे. आजाराच्या पाच पातळ्या मानतात आणि कोणत्या मुलाला काय उपयोगी पडेल ते पातळीवर ठरते. घर विकून यंत्रामागे धावण्याआधी हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

मी त्या बाईला एवढेच सांगितले. मशीन खरी आहे, करामत नाही. आधी सिव्हिलच्या फिजिओथेरपी विभागात जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. त्यात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. अपंगत्वाचा दाखला काढा. तो असला की ‘निरामय’ योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. आणि मन्नत मागायची तर जरूर मागा, पण व्यायामाचा दिवस चुकवू नका.

तिने विचारले, “और इस्कूल?”

मी हजेरीपट उघडला आणि मुलाचे नाव विचारले. दुसऱ्या दिवसापासून आमचा वर्ग वरच्या मजल्यावरून खाली आणला. एवढे करायला कुठलेही यंत्र लागले नाही.