रोस्त बेटावर माणसं का राहिली?

मंडळी, नॉर्वेच्या किनाऱ्याने आपण नकाशावर वर सरकत गेलो, की आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे लोफोतेन बेटांची रांग समुद्रात घुसलेली दिसते. तिच्या शेवटच्या टोकाला रोस्त. वस्तीचं बेट तव्यासारखं सपाट, सर्वांत उंच जागा जेमतेम १२ मीटर. शेजारची बेटं उभ्या कड्यांची. ती पक्ष्यांची.

नदी, गाळाची जमीन, धान्य आणि मग वस्ती, हा क्रम आपल्या डोक्यात पक्का असतो. रोस्तला धान्य पिकत नव्हतं. मग माणसं कशावर राहिली? आमचं उत्तर असं, की थंडीच्या एका अचूक मापावर. ६७ अंश उत्तरेला असूनही उबदार सागरी प्रवाहामुळे इथला हिवाळा शून्याच्या आसपासच रेंगाळतो. नेमक्या त्याच महिन्यांत बॅरेंट्स समुद्रातला कॉड मासा लोफोतेनला अंडी घालायला येतो. तो लाकडी मांडवांवर नुसता टांगायचा. मीठ नाही, धूर नाही. थंडी जास्त पडली तर मासा गोठून बिघडेल, ऊब वाढली तर कुजेल. आपले बोंबील उन्हात वाळतात. हा गार वाऱ्यावर वाळतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

१४३२च्या जानेवारीत व्हेनिसचा व्यापारी पिएत्रो क्वेरिनी इथे अक्षरशः येऊन आदळला. क्रीटहून द्राक्षमद्य घेऊन फ्लँडर्सकडे निघालेलं त्याचं जहाज वादळात गेलं होतं. जवळच्या ओसाड बेटावर लागलेल्यांपैकी ११ जण वाचले. रोस्तकरांनी त्यांना घरात घेतलं, मे महिन्यापर्यंत पोसलं. क्वेरिनीने लिहून ठेवलंय, की बेटावर १२० माणसं होती, आणि सुका मासा हेच त्यांचं नाणं होतं.

त्याच्या लेखी ही जगाबाहेरची निष्पाप माणसं. इथे आम्हाला थोडं अडखळायला होतं. कारण बेटावरचा धर्मगुरू जर्मन होता, पाहुण्यांशी लॅटिनमध्ये बोलत होता. आणि मे महिन्यात क्वेरिनी परत निघाला तो बेर्गेनच्या बाजाराला सुका मासा नेणाऱ्या रोस्तकरांच्याच नावेतून! बेर्गेनला तेव्हा हान्सा संघाचे जर्मन व्यापारी मासा घेत आणि धान्य देत. म्हणजे रोस्तची भाकरी दुसऱ्यांच्या शेतात पिकत होती. ज्याला आपण एकाकी बेट म्हणतो, ते बाजाराशिवाय एक हिवाळाही काढू शकलं नसतं.

१९३२मध्ये, पाचशे वर्षांनी, त्या ओसाड बेटावर क्वेरिनीचं स्मारक उभं राहिलं. लोफोतेनच्या सुक्या कॉडचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक आज इटलीच आहे.