संप्रेरक-उपचारातील एक संज्ञा

रजोनिवृत्ती हा आयुष्यक्रमातील पालट होय की शरीरातील उणीव, या प्रश्नाचा निकाल अमेरिकेत बराच काळ एका संज्ञेने लावून टाकला होता. गाभण घोडींच्या मूत्रापासून काढलेले ‘प्रेमारिन’ तेथे १९४२ साली विक्रीस आले. १९६६ मध्ये डॉ. रॉबर्ट विल्सन यांनी ‘फेमिनिन फॉरेव्हर’ या ग्रंथात रजोनिवृत्तीस अभावजन्य रोगच ठरविले. ‘हॉर्मोन रिप्लेसमेंट’ या नावात गेलेले परत आणून देण्याचा अर्थ अध्याहृत आहे. मग उपचार कोणास व किती काळ, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. (मराठी ‘निवृत्ती’त उणिवेची छटा नाही.) १९७५ मध्ये केवळ ईस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग अधिक आढळला, पुढे प्रोजेस्टिनची जोड देण्यात आली.

२००२ मध्ये १६,६०८ स्त्रियांवरील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ची संयुक्त संप्रेरकांची चाचणी मुदतीपूर्वी थांबविण्यात आली. खुब्याचे अस्थिभंग घटले, परंतु स्तनाचा कर्करोग व पक्षाघात वर्षाला दहा हजारांमागे प्रत्येकी आठांनी वाढले. सहभागी स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, ही गोष्ट भयाच्या लाटेत दुर्लक्षिली गेली, आणि पन्नाशीतील, रात्री घामाने जाग्या होणाऱ्या कित्येकींचा उपचारही सुटला.