काळी, पांढरी आणि गुप्तधन

वऱ्हाडातल्या जुन्या गावाची जमीन दोन नावांनी ओळखली जाते: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पडलेल्या मातीच्या भिंती, राख, शेण, खापऱ्या यांचे थर पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात आणि पांढरीचे टेकाड तयार होते. त्यावर पुष्कळदा एखादी ढासळलेली गढी असते. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातही जमिनीची हीच विभागणी. तालुक्याला नाव जगदंबेच्या केळापूरचे, कचेरी मात्र शेजारच्या पांढरकवड्याला. गुप्तधनाच्या गोष्टी बहुतेक पांढरीच्या असतात, आणि त्याला कारणही आहे.

पैसा जमिनीत पुरणे ही एके काळी रोजच्या व्यवहारातली गोष्ट होती. बँक नव्हती, सावकारावर भरवसा नव्हता, पेंढाऱ्यांची धाड केव्हा येईल याचा नेम नव्हता. चांदीचे रुपये, पाटल्या, गोठ तांब्यात किंवा मडक्यात घालून चुलीखाली, उंबऱ्याखाली नाहीतर भिंतीच्या पोटात जात. ठेवणारा दगावला की ठिकाणही त्याच्याबरोबर जाई. केळापूरचा मुलूख तर फौजांच्या वाटेवरचा. एप्रिल 1818 मध्ये चंद्रपूरच्या रोखाने निघालेल्या दुसऱ्या बाजीरावाला इंग्रजांच्या कर्नल ॲडम्सच्या फौजेने पांढरकवड्याच्या परिसरातच गाठले. पेशवा निसटला, तोफा मागे राहिल्या. अशा धावपळीत गावोगावी काय काय मातीआड झाले असेल, याची कल्पना करायला कुणालाही मोकळीक आहे, आणि लोकांनी ती भरपूर घेतली आहे.

प्रत्यक्षात धन सापडते ते शोधणाऱ्याला नव्हे. ते नांगराच्या फाळाला लागते, विहीर खणताना निघते, घराचा पाया उकरताना वर येते, नाहीतर पहिल्या पावसाने पांढरी धुपली की उघडे पडते. वऱ्हाडातला सगळ्यात गाजलेला साठा 1939 साली मंगरूळपीर भागातल्या तऱ्हाळ्याला निघाला. त्यात सोने नव्हते. पोटीन या हलक्या मिश्रधातूची सातवाहनांची दीड हजारांवर नाणी होती. सोनाराने त्यांना हात लावला नसता. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी मात्र त्यांवरची अक्षरे लावली, आणि पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे राजे त्यांतून उजेडात आले. साठा एकत्र राहिला आणि अभ्यासकापर्यंत पोचला, म्हणूनच हे घडले.

मुद्दाम शोधणाऱ्यांची परंपरा निराळी. तिच्यात पहिला मान पायाळूचा, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसाचा. त्याच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातले की जमिनीतले धन दिसते, असा समज महाराष्ट्रभर होता. धनावर नाग बसतो, हंडा रात्री जागा बदलतो, तो बळी मागतो, या कल्पना त्याला चिकटलेल्या. ‘हंडा सरकला’ ही त्यातली फार सोयीची. भगताने दाखवलेल्या जागी काही निघाले नाही तरी भगत खोटा ठरत नाही. बळीची कल्पना मात्र निव्वळ गोष्टीत राहिली नाही. 1972 ते 1974 या काळात मराठवाड्यातल्या मानवतला झालेल्या खुनांमागे गुप्तधनाची हाव होती. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही धनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

सापडलेल्या धनाचा कायदा त्याहून बराच जुना, 1878 चा. दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू जमिनीत लपवलेली सापडली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे. मग जाहीरनामा निघतो आणि दावेदारांना मुदत मिळते. धन बेवारस ठरले आणि दोघांत वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. सरकारला ते स्वतःकडे ठेवायचे असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग द्यावा लागतो. दडवणाऱ्याचा हिस्सा जातो आणि वर्षभरापर्यंत कैदही होऊ शकते. कायदा तसा उदारच. पण कचेरीची पायरी चढण्यापेक्षा रात्रीतून हंडा वितळवणे लोकांना सोपे वाटले, आणि किती तऱ्हाळे मुशीत गेले याचा हिशेब कुठेच नाही.

पायाळूच्या जागी यंत्र आले ते परदेशातून. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने 1881 मध्ये अमेरिकेचे जखमी अध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला विजेचे यंत्र लावले. ते फसले, आणि पलंगातल्या पोलादी स्प्रिंगांनी घोळ केला असे सांगतात. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसाट्स्की यांचे सुरुंगशोधक यंत्र अल अलामेनच्या वाळवंटात वापरले गेले. युद्धानंतर असली यंत्रे हौशी लोकांच्या हाती आली. पुढे त्यांच्या जोडणीचे नकाशे मासिकांत छापून येऊ लागले आणि शेवटी इंटरनेटवर फुकट मिळू लागले.

त्यांतला ‘पायरॅट’ हा रशियन नकाशा बराच लोकप्रिय आहे. 555 क्रमांकाची आयसी, एक मॉसफेट, एक ॲम्प्लिफायर आयसी, स्पीकर आणि बारा व्होल्टची बॅटरी एवढ्यात तो जमतो. कॉइलला सुमारे वीस सेंटिमीटर व्यासावर एनॅमल तारेचे पंचवीसेक वेढे लागतात. शेतीपंपाच्या मोटारी भरून देणाऱ्या वाइंडिंगच्या दुकानात ही तार वजनावर मिळते. वेढे पातेल्याभोवती घ्यायचे, दोऱ्याने आवळायचे, टेपने गुंडाळायचे आणि पीव्हीसी पाइपच्या टोकाला बसवायचे. कॉइलमधून विजेचे झटके जातात. प्रत्येक झटका तुटला की जवळच्या धातूत भोवऱ्यासारखा प्रवाह क्षणभर रेंगाळतो, आणि त्याचा पडसाद कॉइल टिपते.

हा पडसाद अंतराबरोबर फार झपाट्याने मरतो. नाण्याएवढी वस्तू दुप्पट खोल गेली की तो चौसष्टपट क्षीण होतो. त्यामुळे घरगुती यंत्राला नाणे वीतभर खोलीपर्यंतच कळते. मोठे भांडे मीटरभर खोल असले तरी लागते, पण गोष्टींतला पुरुषभर खोल हंडा त्याच्या पल्ल्याबाहेर राहतो. त्यात वऱ्हाडची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यात मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजे असतात, आणि कॉइल खाली-वर झाली की नुसत्या मातीनेही यंत्र कुरकुरते.

पांढरीवर यंत्र लावले तर आणखी एक अडचण येते. सूर वाजला की खड्डा घेतला जातो, आणि एका हातभर खड्ड्यात दोन-चार शतकांचे थर मिसळून जातात. निघालेले नाणे कोणत्या खापरीजवळ, कोणत्या राखेखाली होते हे नंतर सांगता येत नाही. संरक्षित स्थळावर परवानगीशिवाय असा खड्डा घेणे हा गुन्हाच आहे.

काळीत खड्डा घेतला तर थरांचा प्रश्न फारसा येत नाही. तिथे यंत्र वाजते ते बहुतेक लोखंडावर: बैलाच्या खुराची नाल, बंडीच्या चाकाच्या धावेचा तुकडा, नट-बोल्ट, आणि कधी तरी वखरणीत मोडून पडलेली वखराची पास.