फुटबॉलचे व्हिडिओ खेळ आणि पासची वास्तवता

फुटबॉलच्या व्हिडिओ खेळांची वास्तवता बहुधा चित्रांवरून जोखली जाते. परंतु पासांवर उभारलेल्या आधुनिक खेळाशी त्यांचे नाते तपासावयाचे, तर तीन प्रश्न विचारावे लागतात : चेंडू पायापासून स्वतंत्र आहे काय? पास चुकू शकतो काय? आणि चेंडू राखण्यास अवसर मिळतो काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९८९ मध्ये मिळाले. तोवरच्या बहुतेक खेळांत चेंडू पायाला चिकटून राही. डिनो डिनी यांच्या ‘किक ऑफ’ने तो मोकळा केला. दुसऱ्या प्रश्नाचा विचार २०१० च्या ‘फिफा ११’मध्ये विशेषत्वाने झाला. पासची अचूकता खेळाडूचे कौशल्य व प्रसंगाची निकड यांवर अवलंबून ठेवण्यात आली.

तिसरा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला. गार्डिओला यांच्या मार्गदर्शनाखाली २००९ व २०११ मध्ये युरोपीय विजेता ठरलेल्या बार्सिलोनाच्या खेळाचे मर्म धीरात होते. प्रतिपक्षाच्या फळीत फट पडेपर्यंत चेंडू फिरवीत राहणे, ही त्याची रीत होय. व्हिडिओ खेळात ९० मिनिटांचा सामना अनेकदा १२-१५ मिनिटांत आटोपतो. तेथे असा धीर परवडत नाही; थेट चढाईच फलदायी ठरते.

सारांश, या खेळांनी पासची क्रिया साधली. तिच्यामागील कालावकाश साधला नाही. ज्याची फुटबॉलशी पहिली ओळख पडद्यावर होते, त्याला मैदानावर राखलेला चेंडू निष्फळ वाटण्याचा संभव आहे, तो यामुळेच.