लाइव्ह लिनक्सच्या बूट मेनूची कुळकथा

सीडी किंवा पेनड्राइव्हवरून थेट चालणारी लाइव्ह प्रणाली संगणकाच्या हार्ड डिस्कला सहसा हात लावत नाही. केलेले काम रॅममध्ये राहते आणि संगणक बंद होताच पुसले जाते. ते टिकवायचे की नाही, हे अनेक प्रणालींत बूट मेनूवर ठरते. आरंभी मात्र तिथे मेनू नव्हता, नुसती एक ओळ होती.

१९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएम यांनी ‘एल टोरिटो’ हे मानक आणल्यावर सीडीवरून संगणक सुरू करण्याची एकसारखी पद्धत मिळाली. २००० मध्ये जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांची नॉपिक्स आली. तिच्या पहिल्या पडद्यावर ‘बूट:’ एवढेच विचारले जाई. एंटर दाबला की नेहमीच्या रीतीने प्रणाली सुरू होई. वेगळे काही हवे असेल तर ‘चीटकोड’ टाइप करावा लागे. पेनड्राइव्हवर जपलेले होम फोल्डर उघडायलाही असाच कोड होता. तो पाठ नसेल तर एफ२ किंवा एफ३ दाबून मदतीचे पान वाचायचे. २००५ मध्ये नॉपिक्सने युनियनएफएस ही फाइल प्रणाली स्वीकारली. न बदलणाऱ्या सीडीवर लिहिता येणारा एक थर चढला आणि होम फोल्डरच नव्हे, तर अख्खी प्रणाली बदलता येऊ लागली.

एच. पीटर अॅन्व्हिन यांच्या सिसलिनक्स या बूट लोडर कुटुंबातील आयसोलिनक्समुळे बाणांच्या कळांनी निवडायचे मेनू रूढ झाले. तरी काम टिकवण्याचा पर्याय अनेक मेनूंत आलाच नाही. उबुंटूत त्यासाठी ‘पर्सिस्टंट’ हा शब्द हाताने जोडावा लागे. ग्रब या दुसऱ्या बूट लोडरच्या मेनूत ‘ई’ दाबायचे, ‘लिनक्स’ने सुरू होणारी ओळ शोधायची, शब्द लिहायचा आणि एफ१० दाबायचे. डेबियन लाइव्हने पुढे हाच शब्द बदलून ‘पर्सिस्टन्स’ केला, उबुंटूत मात्र जुनाच राहिला. खरा घात इथे होतो. अनोळखी शब्द दिसला तरी प्रणाली तक्रार करत नाही. ती व्यवस्थित सुरू होते, माणूस दिवसभर काम करतो आणि संगणक बंद केल्यावर सगळे जाते. चूक कळावी अशी एकही खूण वाटेत नसते.

ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांच्या पपी लिनक्सने (२००३) हा प्रश्न बूट मेनूतून पार उचलला. पपी पहिल्यांदा बंद करतानाच विचारते, ‘हे जपून ठेवायचे का?’ जपण्याजोगे काही झाले आहे की नाही, हे वापरणाऱ्याला तेव्हाच ठाऊक असते. म्हणून ही जागा सर्वांत समंजस म्हणावी लागेल. टेल्स या लाइव्ह प्रणालीने २०१२ मध्ये दुसरी वाट धरली. बूट झाल्यावर स्वागताच्या पडद्यावर सांकेतिक शब्द दिला तरच जपलेला साठा उघडतो. काली लिनक्सने मेनूतच साध्या आणि कूटबद्ध साठ्यासाठी दोन स्वतंत्र ओळी दिल्या.

बायोसच्या जागी यूईएफआय आल्यावर एकाच पेनड्राइव्हवर बऱ्याचदा दोन मेनू आले: जुन्या बायोससाठी आयसोलिनक्सचा आणि नव्यासाठी ग्रबचा. एकात केलेला बदल दुसऱ्यात राहून जाणे सहज घडते. पेनड्राइव्ह तयार करणारे रूफस २०१९ पासून साठ्याची जागा आखताना मेनूच्या फायलींत ‘पर्सिस्टंट’ किंवा ‘पर्सिस्टन्स’ हा शब्द स्वतःच घालते. टाइप करण्याचा त्रास संपला, पण मेनूतल्या ओळीचे नाव तेच राहते. साठा चालू आहे का, हे पाहायला एखादी फाइल तयार करून संगणक पुन्हा सुरू करावा लागतो.