जुगारयंत्रे, जुनी : संग्रह व कायदा

नाणे किंवा टोकन टाकून व बाजूचा दांडा ओढून चिन्हांची चाके फिरविणारी आणि चिन्हे जुळल्यास पैसे बाहेर टाकणारी, परंतु प्रत्यक्ष खेळातून बाद होऊन संग्राह्य वस्तू बनलेली यंत्रे. इंग्रजीतील ‘स्लॉट मशीन’ ही संज्ञा मराठीतही रूढ आहे. अशा यंत्रांचा संग्रह करणाऱ्यास जुगारविषयक, आयात-निर्यातविषयक व पुरावस्तूविषयक अशा तीन वेगवेगळ्या कायद्यांशी संबंध येतो. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पनवेल येथे हे तिन्ही कायदे एकत्र येतात. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता खुला झाल्यावर मुंबईहून होडीने येणारा पुण्याचा प्रवासी पनवेल बंदरात उतरत असे. पुढे लोहमार्गाने ही वाहतूक हिरावून नेली. मात्र शेजारच्या उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यावर परदेशी मालाची पेटाऱ्यांतून होणारी वाहतूक पुन्हा याच परिसरातून होऊ लागली. गोव्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचा आरंभही पनवेल येथेच होतो.

या यंत्राचा उगम अमेरिकेतील आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील सिटमन आणि पिट या व्यावसायिकांनी १८९१ च्या सुमारास पत्त्यांची चित्रे असलेले यंत्र तयार केले. त्यात बक्षीस आपोआप मिळत नसे. ते दुकानदार पेय किंवा सिगार या स्वरूपात देई. सॅन फ्रॅन्सिस्को येथे स्थायिक झालेला बव्हेरियन कारागीर चार्ल्स फे याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तीन चाकांचे ‘लिबर्टी बेल’ हे यंत्र बनविले. घोड्याचा नाल, चौकट, इस्पिक, बदाम आणि तडा गेलेली घंटा अशी पाचच चिन्हे त्यात होती. चिन्हे कमी असल्यामुळे आपोआप नाणी देणारी यंत्रणा बनविणे शक्य झाले, हे फेचे खरे कर्तृत्व होय. तो यंत्रे विकत नसे. मद्यगृहांत ती ठेवून उत्पन्नात वाटा घेत असे. त्याचा कारखाना १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत नष्ट झाला. त्यामुळे मूळ लिबर्टी बेल यंत्रे फारच थोडी उरली आहेत. पुढे शिकागोच्या मिल्स कंपनीने या यंत्राचा प्रसार केला. यंत्रावर बंदी आलेल्या भागांत ते चघळण्याच्या गोळ्या विकण्याचे साधन आहे, असे भासविण्यात येई. चाकांवरील चेरी, लिंबू व संत्रे ही फळे म्हणजे त्या गोळ्यांच्या स्वादांची चिन्हे होत. कायद्याला चकविण्यासाठी योजलेली ही चित्रे शंभर वर्षांनंतरही या यंत्रांची ओळख म्हणून टिकून आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सॅन फ्रॅन्सिस्को शहराने १९०९ मध्ये व कॅलिफोर्निया राज्याने १९११ मध्ये या यंत्रांवर बंदी घातली. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेल्लो ला ग्वार्डिया यांनी १९३४ मध्ये जप्त यंत्रे स्वतः घणाने फोडून समुद्रात बुडविली. त्याची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. १९५१ च्या ‘जॉन्सन ॲक्ट’ या केंद्रीय कायद्याने यंत्रे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर निर्बंध घातले. अनेक राज्यांत यंत्र केवळ जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला. त्याचा परिणाम असा झाला, की ज्या वस्तूंवरून एका यांत्रिक कलेचा इतिहास लिहिता आला असता, त्याच पोलिसांच्या हातून नष्ट होऊ लागल्या. म्हणून नंतर राज्यांना अपवाद करावे लागले. कॅलिफोर्नियात यंत्र २५ वर्षांहून जुने आहे व ते बेकायदा जुगारासाठी वापरले गेले नाही, असे दाखविता आल्यास आरोपीला बचाव मिळतो. इतर राज्यांनी वयाच्या निरनिराळ्या अटी घातल्या. काहींनी अपवादच केला नाही. तेथे संग्राहकाला यंत्राची घडण ओळखण्याइतकेच त्याच्या निर्मितीचे वर्ष सिद्ध करणे महत्त्वाचे असते.

मुंबई इलाख्याचा कायदा वेगळ्या मार्गाने गेला. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंध अधिनियम (आता महाराष्ट्र जुगार प्रतिबंध अधिनियम) हाच आजही पनवेलला लागू आहे. तो झाला तेव्हा लिबर्टी बेल यंत्र जन्मालाही आले नव्हते. त्यामुळे या कायद्यात यंत्राचा नावाने उल्लेख नाही. ‘जुगाराची साधने’ अशी व्यापक संज्ञा आहे. जुगाराचा विषय किंवा माध्यम म्हणून वापरलेली अथवा वापरण्याचा उद्देश असलेली कोणतीही वस्तू, जुगाराची नोंद असलेला कागद, जुगाराचे उत्पन्न व बक्षिसे हे सर्व तीत येते. अशी साधने मालकाच्या किंवा ठेवणाऱ्याच्या लाभासाठी जेथे ठेवली वा वापरली जातात, ती जागा म्हणजे जुगाराचा अड्डा. अशी जागा चालविणे, तेथे खेळणे किंवा खेळण्यासाठी हजर असणे हे गुन्हे होत. म्हणजेच येथे गुन्ह्याचा आधार वस्तू हा नसून जागा व लाभ हा आहे.

अशी व्यापक संज्ञा का लागली, हे मुंबईतील पावसावरच्या सट्ट्यावरून समजते. पावसाच्या सरीने पन्हळीतून पाणी वाहील की नाही, यावर शहरात मोठ्या पैजा लागत. पावसावरील पैज या कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय १८८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिला. तेव्हा १८९० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पैज लावणे याचा जुगारात समावेश करण्यात आला. पुढे न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे भाव व आकडे यांवरील सट्टाही कक्षेत आला, आणि १९६० नंतर फोफावलेल्या मटक्यात मातीचे मडके, पत्ते व कागदाची चिठ्ठी हीच साधने ठरली. मुंबईच्या कायद्याला अशा रीतीने वस्तूच्या घडणीकडे न पाहता तिच्या वापराकडे पाहण्याची सवय लागली.

या रचनेचा संग्राहकाला एक मोठा लाभ आहे. पनवेल येथील एखाद्या घरात १९२० च्या सुमाराचे यंत्र दिवाणखान्यात मांडलेले असेल, त्यावर कोणी पैसे लावत नसेल व घरमालकाला त्यातून काही प्राप्ती होत नसेल, तर ते केवळ बाळगणे हा या कायद्याखाली गुन्हा होत नाही. यंत्र जुने आहे की नवे, हा प्रश्नच येथे उद्भवत नाही. मात्र याच रचनेत धोकाही आहे. पोलीस आयुक्तांच्या लेखी सर्वसाधारण आदेशाने किंवा खास अधिपत्राने अधिकार मिळालेला, फौजदाराहून कमी दर्जाचा नसलेला अधिकारी संशयित जागेत प्रवेश करून झडती घेऊ शकतो. अशा झडतीत जुगाराचे साधन सापडल्यास, ती जागा अड्डा आहे व तेथील व्यक्ती जुगारासाठी हजर होत्या, असे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत मानले जाते. प्रत्यक्ष खेळताना कोणी पाहिले नसले तरीही. पनवेल शहर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असल्याने हा अधिकार तेथे आयुक्तांकडे आहे. दिवाणखान्यातील यंत्र तेच राहते, पण ते उपाहारगृहात गिऱ्हाइकांसाठी मांडले, त्यासाठी टोकन विकले किंवा जिंकणाऱ्यास वस्तुरूप बक्षीस दिले, की त्याचे कायदेशीर स्वरूप बदलते. दोषसिद्धी झाल्यास सापडलेली साधने नष्ट करण्याचा किंवा सरकारजमा करण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतो. या अधिकारात पुरातन वस्तूसाठी कोणताही अपवाद नाही. कायद्यातील ही सर्वांत गंभीर उणीव म्हणावी लागेल. कारण दंड भरता येतो, परंतु फोडलेले यंत्र पुन्हा घडविता येत नाही.

केवळ कौशल्याच्या खेळांना हा कायदा लागू होत नाही. परंतु चाकांच्या यंत्रात खेळणाऱ्याच्या कौशल्याला वाव नसल्याने ही सूट त्याला मिळू शकत नाही. एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य (१९९५) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ खेळांच्या यंत्रांनाही हीच कसोटी लावली आणि जेथे नशीब वरचढ आहे तेथे नियंत्रण योग्य ठरविले. त्यापूर्वी चमारबागवाला खटल्यात (१९५७) जुगार हा व्यापारच नव्हे, म्हणून त्याला व्यापारस्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण नाही, असे त्याच न्यायालयाने म्हटले होते. उलट, रेल्वेस्थानकांवर परिचित असलेले वजनाचे यंत्रही नाणे घेई व तिकिटावर भविष्य छापून देई. पण त्यात पैज नसल्याने कोणी त्याला जुगाराचे साधन म्हटले नाही. नाणे टाकण्याची फट हे जुगाराचे लक्षण नव्हे, हे त्यावरून स्पष्ट होते.

खटला चालू असतानाच्या काळात यंत्राचे काय होते, हा प्रश्न व्यवहारात अधिक महत्त्वाचा आहे. जप्त वस्तू मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्यात पडून राहतात. कोकणच्या दमट हवेत ओतीव लोखंडाचे आवरण, पोलादी स्प्रिंगा व कागदी पट्ट्या दोनतीन पावसाळ्यांतच खराब होतात. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात (२००२) सर्वोच्च न्यायालयाने मुद्देमाल विनाकारण दीर्घकाळ अडवून न ठेवता त्याचा पंचनामा व छायाचित्रे करून योग्य व्यक्तीच्या ताब्यात द्यावा, असे निर्देश दिले. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ व ५०३ खाली सुपूर्तनाम्यावर यंत्र परत मागता येते. अर्थात ज्या वस्तूवरच आरोप उभा आहे, ती परत देणे न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असते. खरेदीची पावती, जुनी सूचिपत्रे व यंत्रावरील अनुक्रमांक यांचे महत्त्व येथे लक्षात येते.

जुगार हा राज्यसूचीतील विषय असल्याने सीमेपलीकडे चित्र पालटते. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचे नियंत्रण व कर यांविषयीचा अधिनियम संमत केला. परंतु तो कधीच अंमलात आणला नाही व २०२३ च्या निरसन अधिनियमाने तो रद्द झाला. गोव्याने मात्र आपल्या १९७६ च्या सार्वजनिक जुगार अधिनियमात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना परवानगी दिली, आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील खेळांचा मार्ग मोकळा केला. त्यामुळे पनवेलहून निघणाऱ्या महामार्गाच्या आरंभी जे लाभासाठी चालविणे गुन्हा आहे, तेच त्याच रस्त्यावर पुढे गोव्यात परवान्याने चालते. गोव्यातून वापरातून काढलेले यंत्र विकत घेऊन महाराष्ट्रात आणणाऱ्याला गोव्याचा परवाना उपयोगी पडत नाही.

आयात व निर्यात हे विषय केंद्राचे आहेत. भांडवली वस्तू वगळता इतर वापरलेल्या मालाची आयात विदेश व्यापार धोरणाखाली निर्बंधित असून तिला प्राधिकारपत्र लागते. न्हावा-शेवा येथील सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे म्हणून पहिला प्रश्न येतो तो यंत्राच्या वर्गीकरणाचा : ते नाण्यावर चालणारे खेळाचे साधन आहे, की शंभर वर्षांहून जुनी पुरातन वस्तू? दोन्हींसाठी सीमाशुल्क सूचीत स्वतंत्र शीर्षके आहेत. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७६ पासून अंमलात आहे. किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेली व गतकाळच्या विज्ञान, कला, हस्तव्यवसाय, चालीरीती किंवा नीतिकल्पना यांवर प्रकाश टाकणारी वस्तू त्यात पुरावस्तू मानली आहे. ती कोणत्या देशात बनली, याची अट व्याख्येत नाही. हा कायदा झाला तेव्हा जगातील एकही लिबर्टी बेल शंभरीला पोहोचले नव्हते. आता ती सर्व व मिल्स कंपनीची आरंभीची यंत्रे ही मर्यादा ओलांडून गेली आहेत, तर १९३० नंतरची यंत्रे अद्याप अलीकडे आहेत. नोंदणीची सक्ती ठराविक वर्गांच्या पुरावस्तूंपुरतीच, मुख्यतः शिल्पे, चित्रे व हस्तलिखिते यांसाठी आहे. जुगारयंत्रे त्यांत मोडत नाहीत. परंतु पुरावस्तू ठरलेली वस्तू निर्यात करण्याचा अधिकार केंद्र शासन किंवा त्याने प्राधिकृत केलेली संस्था यांनाच आहे. त्यामुळे शंभर वर्षांहून जुने यंत्र बंदरातून आत आणणाऱ्या संग्राहकास ते पुढे परदेशी लिलावात विकण्यासाठी बाहेर पाठविता येईलच, असे नाही.